अंदाजाचं मीठ

मी वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होतो. दुकानात जायचं, काटा तपासायचा, खरा असेल तर शिक्का मारायचा, खोटा असेल तर जप्त करायचा. या कामाने माणसाचा स्वभाव बिघडतो, असं माझी बायको म्हणते. मी म्हणतो, स्वभाव आधीच तसा होता म्हणून तर खात्याने मला घेतलं. भाचरं मला पाठीमागे काटेमामा म्हणतात. मला ते ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नाही.

तर एका सकाळी मला एका बाईंचा फोन आला. आईच्या घरामागे जी खोली आहे, तिथे त्या चार वर्षं भाड्याने राहत होत्या. एका ऑफिसच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायच्या आणि दुपारी मोकळ्या झाल्या की आईच्या ओट्यापाशी येऊन बसायच्या. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. बाईंनी कँटीन सोडून स्वतःचं हॉटेल काढलं होतं आणि त्यात फक्त आमच्याकडचं जेवण मिळणार होतं.

"उद्या उद्घाटन आहे दादा. तुमचे नातेवाईक सगळे बोलावलेत," त्या म्हणाल्या. "मेनूकार्डावर आईंचं नाव छापायचं आहे. पण तुमची बहीण म्हणते, दादाने जेवून हो म्हटल्याशिवाय छापायचं नाही. आज दुपारी याल का?"

बहीण म्हणजे छोटी. पंचावन्न वर्षांची आहे, पण आमच्यात ती छोटीच. लग्न केलं नाही, नोकरी केली आणि शेवटपर्यंत आईजवळ राहिली. आई गेली तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नव्हती, कारण मी बोलू नये ते बोललो होतो. आईच्या शेवटच्या तीन वर्षांत मी जेव्हा जेव्हा घरी गेलो, तेव्हा तेव्हा टेबलावर बाहेरून आणलेली पार्सलं असायची. प्लॅस्टिकचे डबे, कागदात गुंडाळलेल्या पोळ्या. जिच्या हातच्या जेवणाला पंचक्रोशीत तोड नव्हती, ती आई हॉटेलची भाजी चिवडत बसायची. आई गेल्यावर सगळे जमले होते, त्या भरल्या घरात मी म्हणालो, "हिने माझ्या आईला तीन वर्षं पार्सलवर ठेवलं." छोटीने माझ्याकडे एकदा बघितलं, आत गेली आणि मूग गिळून बसली. मला वाटलं, खरं बोललो म्हणून झोंबलं.

आता तीच छोटी म्हणत होती की दादाने हो म्हणावं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. शेवटी माझ्यापर्यंत यावंच लागलं, असं मनात आलं. दुपारी बारा वाजता मी निघालो.

आमच्याकडचं जेवण म्हणजे डोंगरापलीकडच्या खोऱ्यातलं. ते कुणालाच माहीत नसतं. खोऱ्यातली चार-पाचशे घरं दोन पिढ्यांपूर्वी खाली उतरली, जिथे गेली तिथलं खाऊ लागली आणि आपलं विसरली. या जेवणात फोडणी नाही, तेल नावापुरतं. सगळा खेळ दोनच गोष्टींचा. एक म्हणजे वाळवून कुटलेली आंबट पानं, ती शिजताना तीन वेळा थोडी थोडी घालायची. दुसरं मीठ, तेही अगदी शेवटी, भांडं खाली उतरवल्यावर. मसाल्याखाली झाकायला जागा नसते, त्यामुळे स्वयंपाक करणारीचा हात चुकला तर पहिल्या घासाला कळतं. आईचा हात कधी चुकला नाही. माप म्हणून तिने कधी चमचासुद्धा वापरला नाही. किती घालायचं विचारलं की म्हणायची, "अंदाजाने."

हॉटेल लहान होतं. दहा टेबलं, भिंतीला नुकताच दिलेला रंग, खुर्च्यांच्या पायांना अजून पुठ्ठे बांधलेले. छोटी काचेचे ग्लास पुसत उभी होती. मला बघून तिने मान हलवली, तोंड उघडलं नाही. बाईंनी मला मधल्या टेबलावर बसवलं आणि स्वतः वाढलं. भात, पातळ कालवण, एक सुकी भाजी, बाजूला वाटीत आंबट पानांची चटणी. वाफ नाकाशी आली तसे माझे डोळे भरून आले, ते मी चष्मा पुसायच्या निमित्ताने लपवले. वास अगदी आमच्या घरचा होता.

मग मी पहिला घास घेतला.

खारट. म्हणजे चुकून चिमूट जास्त पडावं तसं नाही, घशाशी टोचणारं खारट. आणि आंबट इतकं, की दात शिवशिवले. मी भाजी खाल्ली, तीच गत. चटणीला बोट लावलं आणि पाणी मागितलं.

"हे आमच्याकडचं जेवण नाही," मी म्हणालो.

बाईंचा चेहरा पडला. "म्हणजे?"

"म्हणजे नाही. मीठ दुप्पट आहे. पानांचा तर विचारूच नका. आणि याच्यावर माझ्या आईचं नाव छापणार? लोक एक घास खातील आणि नळावर धावतील. आईचं नाव नको. वाटलं तर माझ्या शत्रूचं घाला."

मला वाटलं होतं, बाई रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांना राग आला. त्या तरातरा आत गेल्या आणि एक वही आणि एक छोटा वजनकाटा घेऊन बाहेर आल्या. दोन्ही माझ्या ताटाशेजारी ठेवले.

"दादा, मी तुमच्या प्रांतातली नाही. माझ्या जिभेवर माझाही भरवसा नव्हता, म्हणून मी जिभेवर गेलेच नाही. आई अंदाजाने घालायच्या ना? मी मिठाची बरणी आधी वजन करायचे, मग त्यांनी मीठ घातलं की पुन्हा वजन करायचे. मधला फरक म्हणजे त्यांचा हात. पानांचंही तसंच. एकेक पदार्थ वीस-वीस वेळा. सगळं तारीखवार लिहिलंय. बघा."

मी बघितलं. वहीत बारीक, स्वच्छ अक्षरात रकाने आखले होते. तारीख, पदार्थ, किती माणसांचा, बरणी आधी, बरणी नंतर, फरक. खाली सरासरी. एकतीस वर्षांत मी शेकड्यांनी वह्या तपासल्या, इतकी प्रामाणिक वही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच पाहिली. पण जित्याची खोड. माझ्या पिशवीत जुनं पितळी वजन असतं, दोनशे ग्रॅमचं, प्रमाणित. ते मी काट्यावर ठेवलं. काट्याने बरोबर दोनशे दाखवलं. काढून पुन्हा ठेवलं, पुन्हा दोनशे.

काटा खरा, वही खरी. मग चव खोटी कशी? मी पानं चाळत राहिलो. पहिली नोंद चार वर्षांपूर्वीची होती, आई जायच्या तीन वर्षं आधीची. शेवटची आई जायच्या सोळा दिवस आधीची. माझं बोट त्या तारखेवर थांबलं.

"हे सोळा दिवस आधीचं?" मी विचारलं. "आई तेव्हा स्वयंपाक करत होती?"

"म्हणजे काय? रोज करायच्या. शेवटच्या आठवड्यात पडून होत्या, तेवढंच."

मी छोटीकडे बघितलं. ती ग्लास पुसतच होती. एकच ग्लास.

"छोटे," मी म्हणालो, "रोज करायची तर ती पार्सलं कसली?"

तिने ग्लास खाली ठेवला, समोर येऊन बसली आणि बाईंनाही बसायला सांगितलं. वर्षभरानंतर माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य होतं, "आईच्या जिभेची चव गेली होती."

मग तिने सगळं सांगितलं, हळू आवाजात, टेबलाकडे बघत. चार वर्षांपूर्वी आईला मोठा ताप आला होता. ताप उतरला पण चव परत आली नाही. गोड नाही, तिखट नाही, काहीच नाही. खूप मीठ आणि खूप आंबट घातलं तर जिभेला जरासं काही तरी कळायचं. महिनाभर आईने ते कुणाला कळू दिलं नाही. एक दिवस छोटी म्हणाली, "आई, मीठ जास्त पडलं का गं?" तेव्हा आई ओट्याला टेकून रडली. म्हणाली, स्वयंपाक सोडून मला दुसरं काय येतं? डॉक्टरांनी हात टेकले. आईने छोटीकडून वचन घेतलं, की हे कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही.

"आणि दादाला तर मुळीच नाही, असं म्हणाली," छोटी म्हणाली.

"का? मला का नाही?"

"तू एकदा जेवायला आला होतास. शेजारचे दोघं होते. तू पहिला घास घेतलास आणि म्हणालास, आई, आज मिठागरात पंगत मांडलीस काय. सगळे हसले. आईपण हसली. तू गेल्यावर तिने ते अख्खं कालवण मोरीत ओतलं. त्यानंतर तू येणार म्हटलं की ती सकाळपासून माझ्या मागे लागायची, बाहेरून काही तरी आण, बाहेरून काही तरी आण. त्याच्यापुढे माझ्या हातचं ठेवू नकोस."

मला ते वाक्य आठवलं. इतकं सहज बोललो होतो, की घरी पोचेपर्यंत विसरलोही होतो. वर बायकोला सांगितलं असेल की काय मस्त हसले सगळे.

"आणि तू?" मी विचारलं. "तू हेच खायचीस? रोज?"

"मग काय ताटात टाकायचं? ती समोर बसायची, मी खाते का ते बघायला."

छोटीला रक्तदाबाच्या गोळ्या लागल्या होत्या. मी तिला म्हणालो होतो, बाहेरचं अरबट-चरबट खात असशील. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघायची मला सवय, पण आज मला स्वतःची मान वर करवेना. मी वाईट माणूस नाही असं मला आजवर वाटत होतं. त्या टेबलाशी बसून मला वाटलं, वाईट माणसं निदान कळून तरी करतात.

तेवढ्यात बाई बोलल्या.  "म्हणजे तीन वर्षं मी त्यांचं आजारपण वजन करत होते? ताई, तुम्ही मला का नाही सांगितलंत? मला वाटायचं तुमच्याकडचं जेवणच असं. खारट, आंबट. मी म्हणायचे, असेल बाई, एकेका प्रांताची एकेक तऱ्हा. मी राहायला आले तीच त्या तापानंतर, आधीची चव मला कशी कळणार?"

"वचन दिलं होतं गं," छोटी म्हणाली. "आई असताना सांगता येईना आणि ती गेल्यावर तर त्याहून येईना. म्हणून म्हटलं, दादाला बोलाव. त्याच्या जिभेने काही वचन दिलेलं नाही. तो पहिल्या घासाला बोलणार, हे मला पक्कं माहीत होतं."

म्हणजे मला मान द्यायला बोलावलं नव्हतं. माझ्या खोडीचा उपयोग करायला बोलावलं होतं. माझ्या आयुष्यात माझ्या स्वभावाचा इतका योग्य उपयोग कुणी केला नसेल.

"उद्या चाळीस माणसं येणार आहेत," बाई म्हणाल्या. "मी काय वाढू त्यांना?"

मी उठलो आणि हात धुतले. "चला आत. खरं माप मला माहीत नाही. कुणालाच नाही, तिनं ते कधी मोजलंच नाही. पण चुकलेलं मला कळतं. तुम्ही करा, मी चाखतो."

आम्ही तिघं दुपारी दोनपासून त्या स्वयंपाकघरात होतो. बाईंनी चार माणसांचं कालवण लावलं. वहीतल्या आकड्याच्या निम्मं मीठ, निम्मी पानं. मी चाखलं, नाही म्हणालो. काय नाही ते मात्र मला सांगता येईना. मी म्हणायचो, "अजून ती आली नाही." बाई बिचाऱ्या विचारायच्या, "म्हणजे मीठ वाढवू की कमी करू?" दुसरं भांडं फिकं झालं. तिसऱ्यात पानं उशिरा पडली, कडसर लागलं. चौथ्याला मी नुसती मान हलवली. पाचव्या वेळी बाईंनी पानं दोनदाच घातली आणि तिसऱ्या वेळची भांडं उतरवल्यावर, मिठाच्या बरोबर. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्या म्हणाल्या, आईंचा हात शेवटी दोन्ही बरण्यांकडे एकदम जायचा, वहीत वेगवेगळं लिहायचं म्हणून मी त्यांना थांबवायचे.

मी चमचा तोंडाशी नेला आणि तिथेच थांबलो. मग चमचा छोटीच्या हातात दिला. तिने चाखलं आणि पदराचं टोक तोंडात कोंबलं.

"हीच," ती म्हणाली. "हीच ना रे? मी विसरले होते. मला वाटायचं, ती खारटच तिची चव."

बाईंनी बरण्यांची वजनं घेतली आणि वहीत नवीन पान उघडलं. जुनी पानं फाडू का, असं त्यांनी विचारलं. छोटी एवढ्या जोरात "नाही" म्हणाली, की आम्ही दोघंही दचकलो.

बाई भांडी घ्यायला मागे गेल्या तेव्हा मी छोटीला म्हणालो, "छोटे, माझं चुकलं. मी तेव्हा जे बोललो ते बोलायला नको होतं."

तिने डोळे पुसले. मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ दे रे. आमच्यात सगळं जाऊ दे वरच संपतं.

"ते तू भरल्या घरात बोलला होतास, दादा," ती म्हणाली. "माफी मात्र स्वयंपाकघरात मागतोस."

 मी पिशवी उचलली आणि घरी आलो.

रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, सरळ आहे, उद्या सगळ्यांसमोर सांगा की आईंची चव गेली होती म्हणून पार्सलं यायची. छोटी सुटली. पण ते सरळ नव्हतं. छोटीने वर्षभर माझा आरोप अंगावर घेतला आणि नातेवाइकांच्या नजरा सोसल्या, ते आईचं गुपित राखायला. मी भर सभेत ते फोडलं असतं तर छोटी सुटली असती, पण ज्याच्यासाठी तिने सोसलं ते मी पुन्हा मोरीत ओतलं असतं. आणि काही बोललो नसतो, तर छोटीवरचा डाग जन्मभर तसाच राहिला असता. सकाळपर्यंत मला तिसरी वाट दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी दहाही टेबलं भरली. आमचे मामा होते, आईचे धाकटे भाऊ, ऐकू कमी येतं म्हणून सगळ्यांशी ओरडून बोलणारे. चुलत भाऊ, वहिन्या, भाचरं, सगळी तीच माणसं जी आई गेल्यावर त्या घरात होती. बाई दारापाशी उभ्या होत्या, हात पदरात गुंडाळून. छोटी पाणी देत फिरत होती. दोन वहिन्यांनी तिच्याकडून ग्लास घेतला तो तिच्याकडे न बघता.

वाढून झालं. हात ताटाकडे जाणार तेवढ्यात मी उठलो. भाषणाची मला सवय नाही. 

"एक मिनिट," मी म्हणालो. "वर्षापूर्वी तुमच्या सगळ्यांसमोर मी म्हणालो होतो, की छोटीने आईला पार्सलवर ठेवलं. ते खोटं होतं. आई शेवटच्या आठवड्यापर्यंत रोज स्वतःच्या हाताने स्वयंपाक करत होती. छोटी रोज तिच्याबरोबर बसून तो जेवत होती. या बाई साक्षीला आहेत. हे समोर आहे ते बाई आईकडूनच शिकल्यात. मी कधी विचारलं नाही, चौकशी केली नाही आणि बोललो. मी छोटीची माफी मागतो."

 मग मामा ओरडले, "अरे पण आम्हीही दोन वेळा तुझ्याबरोबर आलो होतो! टेबलावर पार्सलंच होती की! ती कसली?"

मी छोटीकडे बघितलं. ती पाण्याचा जग दोन्ही हातांनी धरून उभी होती आणि तिचे डोळे माझ्यावर होते. मला कळलं की तिला वाटतंय, आता हा सांगणार. आणि त्याच क्षणी मला माझं उत्तरही कळलं, कारण ते आदल्या दिवसापासून माझ्या समोरच होतं, मी फक्त त्याच्याकडे बघत नव्हतो.

"मी येणार असलो की आई स्वयंपाक करत नसे, मामा," मी म्हणालो. "मी नावं ठेवीन म्हणून. एकदा चार माणसांत ठेवली होती. तेव्हापासून मी आलो की ती बाहेरून मागवायची." पुढचं वाक्य मला मोठ्याने म्हणावं लागलं, मामांना ऐकू जायला. "माझी आई मला घाबरायची."

 मग मामा आपल्या त्या मोठ्या, पण राग नसलेल्या आवाजात म्हणाले, "तीच काय रे, सगळेच घाबरतो."

कुणी हसलं नाही. भाचरांनी माना खाली घातल्या. माझी बायकोसुद्धा ताटाकडे बघत होती. मी खुर्चीत बसलो. छोटीने जग टेबलावर ठेवला, माझ्या ताटात भात वाढलेला होता त्यावर तिने स्वतः कालवण घातलं आणि माझ्या शेजारी बसली.

मग माझ्या लक्षात आलं की कुणीच जेवत नाहीये. चाळीस माणसं हात ताटात ठेवून थांबली होती. दारापाशी बाई थांबल्या होत्या. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, मी काय म्हणतो त्याची वाट बघत.

मी काहीच म्हणालो नाही. मान खाली घातली आणि जेवू लागलो.